निरीक्षक ग

११ जानेवारी

ढापण्याचा फोटो आज वर्तमानपत्रात चौथ्या पानावर आला आहे. विद्यापीठाचा उत्कृष्ट संशोधनाचा सन्मान यंदा खगोलशास्त्र विभागाकडे, म्हणजे त्याच्याकडे. फोटोत तो मोठ्या दुर्बिणीला टेकून उभा आहे. दुर्बिणीला टेकायचे नसते, हे मी त्याला पहिल्याच दिवशी सांगितले होते. तेव्हा तो एकवीस वर्षांचा विद्यार्थी होता आणि त्याच्या चष्म्याच्या काचा बाटलीच्या बुडासारख्या होत्या, म्हणून ढापण्या. आता पन्नाशी उलटली, काचा पातळ झाल्या, विभागप्रमुख झाला. टेकणे काही सुटले नाही.

बातमी लिहिणाराही त्याच लायकीचा. ‘दीडशे वर्षांच्या नोंदींची प्रत सुधारणारे संशोधन’ असा मथळा दिला आहे. प्रत ताऱ्याची असते, नोंदींची नव्हे. प्रत म्हणजे ताऱ्याच्या तेजाचा आकडा. आकडा लहान तितका तारा उजळ, मोठा तितका मंद. या गृहस्थाला ती कापडाची प्रत वाटली असावी.

तारा कोणता, तर तांबडी. यादीत तिला नुसता क्रमांक आहे. तांबडी हे नाव मी ठेवले, कारण ती तांबूस दिसते आणि तिच्या शेजारचे दोन तारे निळसर पांढरे. वेधशाळेत मी सव्वीस वर्षे निरीक्षक होते. काम एवढेच की छोट्या दुर्बिणीतून तांबडीकडे पाहायचे, त्या दोन शेजाऱ्यांशी तिची तुलना करायची, एकाहून ती किती उजळ आणि दुसऱ्याहून किती मंद ते ठरवायचे आणि आकडा वहीत लिहायचा. यंत्र नाही, फोटो नाही. डोळा. आभाळ मोकळे असेल त्या प्रत्येक दिवशी, मग अंगात ताप असो की घरात पाहुणे. सव्वीस वर्षांत ती ७.७ वरून ७.५ वर आली. तांबडी हळूहळू उजळते आहे हे जगात पहिल्यांदा मी पाहिले. तेव्हाच्या विभागप्रमुखांनी, आमच्या थोरल्या सरांनी, त्यावर शोधनिबंध लिहिला आणि शेवटी आभारात माझे पूर्ण नाव घातले, स्पेलिंगसकट बरोबर. मला निवृत्त होऊन आठ वर्षे झाली, सर गेले त्याला पाच. आता सगळे आयते ढापण्याच्या पदरात पडले आहे.

धाकटी म्हणाली, “ताई, फोन करून अभिनंदन कर की. जीभ झिजणार आहे का?”

मी म्हटले, झिजेल या भीतीनेच जपून वापरते. त्यावर ती हसत सुटली. माझी ही बहीण नवरा गेल्यापासून माझ्याकडे राहते. तिला कशाचेही हसू येते.

१४ जानेवारी

ढापण्याच्या निबंधाची प्रत आणायला विभागात गेले. माझ्या खोलीत आता कॉम्प्युटरची कपाटे घुमत असतात आणि आत शिरताना अंगावर शहारा येतो इतकी ती थंड ठेवली आहे. मला कधी पंखा मिळाला नव्हता. माझ्या टेबलावर प्रिंटर बसला आहे. कार्यालयातल्या बाईंनी निबंध हातात दिला आणि विचारले, “तुम्ही कोण?” मी म्हटले, ते आत लिहिले असेल.

लिहिलेले नव्हते. जिन्यातच उभी राहून आभार वाचले. अकरा जणांचे आभार आहेत. कॉम्प्युटर दुरुस्त करणारा आहे, सही देणारे दोन अधिकारी आहेत, “घरच्या आघाडीवर” बायको आहे. मी नाही. मग पाने उलटून आलेख पाहिला. दीडशे वर्षांत तांबडी कशी बदलली त्याची रेघ काढली आहे, आणि ज्या-ज्या माणसाने तिचे वेध घेतले त्याच्या वर्षांवर अक्षर टाकले आहे. क, ख, ग, घ पासून पार ट पर्यंत, तेही कालक्रम न पाळता. माझ्या वर्षांवर ग. तळटीप वाचली. ‘निरीक्षक ग’. कॉन्व्हेंटमध्येसुद्धा आम्हाला हजेरीला नावाने हाक मारायचे, आणि तिथल्या मदर काही प्रेमळपणाबद्दल प्रसिद्ध नव्हत्या.

रेघ मात्र गमतीची आहे, करवतीच्या दातांसारखी. तांबडी हळूहळू चढते आणि धपकन उतरते, पुन्हा चढते, पुन्हा उतरते. उतरते ती दर वेळी जुना माणूस जाऊन नवा आला की. यात नवल काही नाही. नव्या माणसाला हात बसायला वेळ लागतो, तोवर तो काहीही लिहितो. माझ्यानंतर जो पोरगेलासा गृहस्थ आला त्याने पहिल्याच महिन्यात तिला पुन्हा ७.७ वर नेऊन ठेवले होते. मी तेव्हाच विभागात कळवले होते की हा माणूस बदला.

बाकीचा निबंध वाचला नाही. आभार वाचले की माणूस कळतो. उरतात ते आकडे, आणि ते माझेच आहेत.

१६ जानेवारी

कुलगुरूंना पत्र लिहिले. दीड पान. कच्चे लिहून मग पक्के केले. एकही विशेषण वापरले नाही, म्हणजे पत्र जास्त लागते. मागणी एकच. समारंभात व्यासपीठावरून स्पष्ट सांगावे की निरीक्षक ग म्हणजे अमुक बाई, आणि निबंध ज्या नोंदींवर उभा आहे त्या त्यांच्या. तसे झाले नाही तर मी हेच पत्र वर्तमानपत्राला देईन.

पत्र टाकून आल्यावर धाकटीला कच्चे वाचून दाखवले. ती म्हणाली, “शेवटची ओळ धमकीची आहे गं.” मी म्हटले, शेवटच्या ओळीसाठीच वरचे दीड पान आहे.

२० जानेवारी

ढापण्या घरी आला. न कळवता, एकटा. खुर्चीच्या कडेवर बसला, जणू उठून पळायला सोपे जावे. पहिला प्रश्न काय, तर “बाई, डोळे कसे आहेत?”

“तुझे आभार वाचता येण्याइतके चांगले आहेत.”

तो म्हणाला की पत्र कुलगुरूंपर्यंत गेले आहे. मी म्हटले, तिथेच पाठवले होते. मग थोडा वेळ त्याने आमच्या गालिच्याचा अभ्यास केला.

“बाई, या निबंधात तुमचं नाव नसलेलंच बरं. एवढा माझ्यावर विश्वास ठेवा.”

“का?”

“तुम्ही तो वाचलात का?”

“माझं नाव जिथे असायला हवं होतं, तेवढा वाचला.”

त्याने चष्मा काढून पुसला. चूक सापडली की चष्मा पुसायचा ही त्याची विद्यार्थीदशेपासूनची युक्ती. मी त्याला साफ सांगितले की दुसऱ्याची सव्वीस वर्षे उचलून त्यावर एक अक्षर चिकटवायचे याला आमच्या काळी संशोधन म्हणत नसत. त्याने मान डोलावली. निदान भांडला असता तर मला त्याच्याबद्दल थोडे बरे वाटले असते. चहा अर्धा टाकून उठला. जिन्याच्या तोंडाशी धाकटीशी हळू आवाजात काहीतरी बोलला. तिला विचारले, तर म्हणाली, “तुझं मोतीबिंदूचं ऑपरेशन कधी आहे ते विचारत होता.” याला काय करायचे आहे?

२३ जानेवारी

दोन गोष्टी.

एक. कुलगुरूंच्या कार्यालयातून उत्तर आले. “आपल्या भावनांची नोंद घेण्यात आली असून” वगैरे. आठ फेब्रुवारीच्या समारंभात सत्कारमूर्तींनी स्वतः माझ्या नावाचा उल्लेख करावा, अशी सूचना त्यांना दिली आहे. घाबरले. माणसाने विशेषणे टाळावीत ती यासाठी.

दोन. डोळ्यांच्या रुग्णालयात गेले. डॉक्टरीण वयाने माझ्या पुस्तकांच्या कपाटापेक्षा लहान आहे आणि मला आजी म्हणते. मी कोणाचीही आजी नाही, हे तिला दोनदा सांगितले. आधी उजवा डोळा, तीन आठवड्यांनी डावा. तिने भिंगाचे चित्र दाखवले आणि म्हणाली की हे एकाएकी होत नाही, वीस-पंचवीस वर्षे भिंग थोडे थोडे पिवळे होत आलेले असते, पण रोज एका केसाइतके, त्यामुळे माणसाला पत्ता लागत नाही. मी म्हटले, “मी डोळ्यांवरच नोकरी केली आहे. मला लागला असता.” ती गोड हसली. आजकाल डॉक्टर होण्यासाठी बहुधा तेवढे पुरते.

२९ जानेवारी

उजवा डोळा झाला. लिहायला मनाई. मोठ्या अक्षरात एवढेच. दुखले नाही, पण बडबड फार.

३१ जानेवारी

मनाई आहेच, पण आजचा प्रसंग राहून जायला नको.

वाचायचे नाही, टीव्ही नाही, पडून राहायचे. म्हणून धाकटीला म्हटले, तो निबंध मोठ्याने वाच, समारंभाच्या आधी शत्रूचा माल माहीत असावा. दोघींतून कॉन्व्हेंटमध्ये मीच गेले. धाकटी घराजवळच्या शाळेत. त्यामुळे तिचे इंग्रजी वाचन म्हणजे खडीवरून हातगाडी. ‘एजिंग’ला ‘अगिंग’ म्हणाली. ‘लेन्स’ म्हणताना शेवटचा ‘स’ गिळला. ‘ऑब्झर्व्हर’ हा शब्द पानावर वीसदा तरी आला असेल, वीसदा निराळा म्हटला. मी प्रत्येक वेळी थांबवून दुरुस्त केले. मदर असत्या तर त्यांनी पट्टी घेतली असती.

दुसऱ्या पानावर ती थबकली. “ताई, अगं हे ग बद्दल लिहिलंय. ग चा डोळा...”

“आधीचा शब्द नीट वाच. ‘हॉनेस्ट’ नव्हे. त्यातला एच उच्चारायचा नाही.”

“ऑनेस्ट,” ती म्हणाली. मग बराच वेळ तिने मनातल्या मनात वाचले. मी म्हटले, आवाज. ती म्हणाली, “पुढे नुसते आकडे आहेत, ताई,” आणि कागद मिटून ठेवले. नाक ओढत होती. हिला सर्दी झालेली दिसते. माझ्या डोळ्याला संसर्ग नको म्हणून तिला जरा लांब बसायला सांगितले.

३ फेब्रुवारी

पट्टी काल निघाली. घर कोणीतरी धुऊन काढल्यासारखे दिसते आहे. स्वयंपाकघराची भिंत मी दहा वर्षे मलईच्या रंगाची समजत होते. ती फिकट निळी आहे. आपल्या पसंतीने लावलेला रंग आपल्यालाच माहीत नसावा!

चादरींवरून धाकटीशी वाजले. सगळ्या चादरी निळ्याशार. नीळ घालायची म्हणजे किती घालायची? ती म्हणाली, “मी नीळ घालणं पाच वर्षांपूर्वी बंद केलं, ताई.” मी म्हटले, खोटे बोलू नकोस, मला आता नवा डोळा आहे. एरवी ती यावर हसली असती. हसली नाही. चादर घेऊन गेली.

नंतर मी एकेक डोळा मिटून पाहिले. उजवा मिटला की चादर पिवळट. डावा मिटला की निळसर. दोन डोळ्यांत मतभेद आहे. उजवा कामाला नवा आहे, हात बसला की येईल ताळ्यावर.

५ फेब्रुवारी

संध्याकाळी साडेसहाला गॅलरीत बसले होते. समोरच्या मनोऱ्यावर तांबडा दिवा लागतो, त्याच्या डाव्या अंगाला औषधांच्या दुकानाचा पांढरा. सवयीने तुलना केली. ही सवय मरेपर्यंत जायची नाही. मी बसमध्येसुद्धा मागच्या दिव्यांच्या प्रती लावत असते.

मी नेहमी डाव्या डोळ्याने पाहत आले. दुर्बिणीलाही डावाच. डाव्याने तांबडा दिवा पांढऱ्याहून उजळ, चांगल्या दोन पायऱ्यांनी. मग उजव्याने पाहिले. पांढरा उजळ. तांबडा त्याच्याखाली.

पुन्हा पाहिले. वही आणली. दहा वेळा डावा, दहा वेळा उजवा, आलटून पालटून. वीस आकडे लिहिले. एकदाही चूक झाली नाही. डाव्याला तांबडे नेहमी चढे, उजव्याला नेहमी उतरते. दिवे बदलले नव्हते. दुकानदार आत बसून जांभया देत होता.

वीस आकड्यांच्या खाली मी सरासरीची रेघ मारली आणि तिथेच थांबले.

मग धाकटीला बोलावले. म्हटले, “परवा तू काय वाचलंस ते सांग. उच्चार कसेही कर.”

ती माझ्याजवळ खाली बसली. मराठीतच सांगितले तिने, आणि बरे सांगितले. तांबडी उजळत नाही. कधीच उजळत नव्हती. माणसाचे वय वाढते तसे डोळ्यातले भिंग पिवळे होते, ते निळे तेज गिळते आणि तांबडे येऊ देते. म्हणून शेजारचे निळसर तारे म्हाताऱ्या डोळ्याला मंद वाटतात आणि त्यांच्यामध्ये तांबडी उगीच उजळ वाटते. नवा, तरुण माणूस आला की ती पुन्हा जागेवर. करवतीचा एकेक दात म्हणजे एकेका माणसाचे म्हातारे होत जाणे. ढापण्याने ते दात काढून टाकायची रीत शोधली, त्यामुळे दीडशे वर्षांच्या वह्या आता विश्वासाने वापरता येतात. त्याचा सन्मान आहे तो त्यासाठी.

“आणि सगळ्यांत लांब दात?” मी विचारले.

“ग चा,” धाकटी म्हणाली. “ताई, तू पत्र मागे घे ना. अजून तीन दिवस आहेत. नाव न घेता तो बोलेल, कोणाला कळणार आहे?”

मी तिला चहा टाकायला पाठवले. तांबडी उजळते आहे हे जगात पहिल्यांदा मी पाहिले, असे मी याच वहीत पंचवीस पानांमागे लिहिले आहे. थोरले सर हे ऐकायला नाहीत. त्यांनाही मोतीबिंदू होता.

६ फेब्रुवारी

समारंभ समितीतला एक इसम फोनवर म्हणाला की आपल्यासाठी पहिल्या रांगेत खुर्ची राखून ठेवली आहे, कडेची हवी की मधली? याच्या आयुष्यात केवढे हे प्रश्न. मधली, म्हणाले मी, आणि ठेवून दिल्यावर लक्षात आले की नाही म्हणायची संधी तीच होती.

आज ढापण्याचा राग करायचा दोनदा प्रयत्न केला. त्याने मला सांगायला हवे होते. पण तो त्या दिवशी आमच्या खुर्चीच्या कडेवर बसून हेच सांगत होता, आणि मी त्याला गालिचा मोजायला लावला. हा विचार मला आवडला नाही म्हणून स्वयंपाकघराची कपाटे आवरली.

८ फेब्रुवारी

सभागृह अर्धे भरले होते. त्यात निम्मे लोक पुढच्या तासाची हजेरी चुकवायला आलेले. कुलगुरू वीस मिनिटे बोलले. ‘खगोल’ आणि ‘भूगोल’ हे दोन शब्द त्यांनी असे मिसळले की ऐकणाऱ्याला चक्कर यावी. एका बाईंनी स्वागतगीत म्हटले. दोन वेळा वीज गेली आणि दोन्ही वेळा टाळ्या पडल्या.

मग ढापण्या उभा राहिला. नवा कोट, खांद्यात सैल. पडद्यावर करवत आली. त्याने सोपे करून सांगितले, चहाच्या रंगाची काच आणि साधी काच हातात धरून. एवढे मान्य केले पाहिजे, शिकवणे त्याला येते. ते कोणाकडून आले हे त्याला माहीत असेल.

त्याच्या मेजावर कुलगुरूंच्या कार्यालयाची चिठ्ठी होती. मला मधल्या खुर्चीवरून ती दिसत होती, नव्या डोळ्याने. त्याने ती पाहिली आणि त्यावर पाण्याचा पेला ठेवला.

“सगळ्यांत लांब दात निरीक्षक ग यांचा,” तो म्हणाला. “हे कोण, ते सांगता आलं असतं तर आनंद झाला असता. पण त्या वहीचं पहिलं पान गहाळ आहे.”

धाकटीने माझा हात घट्ट धरला. आता नुसते बसून राहायचे होते. सभागृहात मला ओळखणारे फार तर चार जण, त्यातला एक झोपलेला. माझी तांबडी, थोरल्या सरांचा निबंध, सव्वीस वर्षे, सगळे एका गहाळ पानाआड सुखरूप राहिले असते.

पण पहिले पान गहाळ नाही. मी स्वतः ते लिहिले आहे, जाड पुठ्ठ्याआत शिवलेले आहे. आणि हा माणूस, ज्याला मी वेधाच्या बाबतीत कधीही खोटे बोलायचे नाही हे शिकवले, तीनशे लोकांसमोर धडधडीत खोटे बोलत होता, आणि तेही इतके वाईट की चष्मा पुसावा लागला.

मी उभी राहिले.

“पान जागेवर आहे,” मी म्हटले. “ग म्हणजे मी.”

“बाई, बसा ना,” तो माईकवरच म्हणाला. सगळ्या सभागृहाला ऐकू गेले.

“बसते. आधी नाव घे. चूक माझी आहे, ती दुसऱ्या कोणाच्या खात्यावर गेलेली मला चालणार नाही. आणि अक्षराच्या तर नाहीच.”

त्याने माझे पूर्ण नाव घेतले. मग पेला उचलला, चिठ्ठी बाजूला केली आणि जे बोलला ते त्याच्या कागदावर नव्हते. म्हणाला की बाकीच्यांचे आकडे चढता चढता कधी इकडे, कधी तिकडे जायचे, त्यांच्या चुकांची चाल पकडता येत नव्हती, म्हणून त्या काढता येत नव्हत्या. ग चे आकडे एकाच बाजूला, एकाच चालीने चुकत गेले, म्हणून तर रीत सापडली. “इतकी सरळ चूक करायची तर सव्वीस वर्षांत एकही आकडा मनचा लिहून चालत नाही,” तो म्हणाला. “बाईंनी मनचा लिहिला नाही.”

टाळ्या पडल्या. लोक वीज गेल्यावरही वाजवतात.

परत येताना रिक्षात धाकटी रडत होती. हिची सर्दी भलतीच लांबली आहे.

९ फेब्रुवारी

निबंध पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत वाचला. दोन तास लागले. चांगला आहे. असे लिहावे लागते आहे.

पण सातव्या पानावर मी पेन्सिल खाली ठेवली. ग च्या डोळ्याचा पिवळेपणा किती, तो आकडा त्याने वैद्यकीय तक्त्यांतून उचलला आहे. त्या वयाच्या माणसांची सरासरी. शेजारी शब्द आहे, ‘अंदाजे’. सगळा निबंध ज्या खिळ्यावर टांगला आहे तो खिळाच अंदाजे! मी लगेच फोन लावला.

“हा आकडा मला का नाही विचारलास? मी मेले होते का?”

तो म्हणाला, “कसं विचारणार होतो, बाई?”

म्हणजे माझ्या मनाला लागू नये म्हणून याने आकडा कच्चा ठेवला. मला लागले असते, मी चार दिवस बोलले नसते आणि पाचव्या दिवशी आकडा दिला असता. असल्या हळवेपणाने शास्त्राचे वाटोळे होते, हे मी त्याला सांगितले. तो हो म्हणाला.

“मी कुठल्या डोळ्याने पाहायचे?”

“डाव्या.”

“आणि ऑपरेशन कुठल्या डोळ्याचं झालं?”

पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला. एवढे हुशार, उत्कृष्ट संशोधनवाले, आणि हे त्यांच्या डोक्यात आले नव्हते. सव्वीस वर्षे ज्यातून तांबडी पाहिली ते भिंग अजून माझ्या डाव्या डोळ्यात जसेच्या तसे बसलेले आहे. आणखी दहा दिवसांनी ती हसरी डॉक्टरीण ते काढून कचऱ्यात टाकणार होती. शेजारीच, उजव्या बाजूला, स्वच्छ काच. एकाच डोक्यात दोन्ही. तक्ता कशाला हवा?

“बाई, पण तुमचं ऑपरेशन...” तो म्हणू लागला. मी फोन ठेवला आणि रुग्णालयाला लावला.

डॉक्टरीण म्हणाली, “पुढे का ढकलताय, आजी? दोन्ही डोळ्यांनी नीट दिसेल.”

“नीट दिसायला एक पुरे आहे,” मी सांगितले. आजीबद्दल काही बोलायचे राहून गेले.

१६ फेब्रुवारी

छोटी दुर्बीण कोठीत जुन्या पडद्याखाली पडली होती. ढापण्याने स्वतः झटकली, शिंकला, गच्चीवर नेऊन लावली. सात वाजता तांबडी पूर्वेला चांगली वर होती. आठ वर्षांनी पाहिली. शेजारी दोघे जागच्या जागी.

पद्धत मी ठरवली. आलटून पालटून दहा-दहा वेध. मी आकडा सांगायचा, त्याने माझ्याकडे पाठ करून लिहायचा, आधीचा आकडा मला सांगायचा नाही. मध्येच हळहळला तर खाली पाठवीन, अशी ताकीद दिली होती. धाकटी जिन्याच्या दाराशी शाल घेऊन उभी, कोणी विचारले नसताना.

बेरीज त्याने केली, मी तपासली. उजवा डोळा ७.७. डावा ७.४. तक्त्यांवरून आज दोन दशांशांचा फरक यायला हवा होता, आला तीन. म्हणजे त्याच्या सन्मान मिळालेल्या निबंधाला आता दुरुस्तीची टीप छापावी लागणार. माणसाने तोंड पाडायचे, तर हा गच्चीच्या कठड्याला टेकून वेड्यासारखा हसत होता. का, ते मला कळले नाही. टिपेवर माझे नाव आधी घालतो म्हणाला. मी म्हटले, अकारविल्हे घाल, उपकार नकोत.

एका दिवसाच्या वेधावर काही ठरत नाही. आभाळ मोकळे असेल त्या प्रत्येक दिवशी सात वाजता यायचे, हे त्याला बजावले आहे. डावा डोळा अजून तितक्याच ठामपणे खोटे सांगतो. त्याला आणखी तीन महिने ठेवून घेणार आहे.